दंतरोपणाला संगणकाची साथ

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडत नसेल. ऐन उमेदीच्या काळात दात भक्कम असतात. परंतु पगाराचा मोठा वाटा मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते यांतच संपतो. पुढे मुले मार्गी लागतात, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात जमा होते, आणि नेमक्या त्याच सुमारास दाढा एकेक करून रजा घेऊ लागतात.

समजा, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा नाशिक अशा कोणत्याही शहरातील एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. वय बासष्ट. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. काढघाल करता येणारी कवळी करून घेतली. परंतु ती टोचते म्हणून बहुतेक वेळ पेल्यातील पाण्यातच पडून असते. जेवण सारे उजव्या बाजूने. आता दंतवैद्यांनी रोपण, म्हणजे इम्प्लान्ट, सुचवले आहे आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांना त्यांचाच जबडा दाखवला आहे. हस्तिदंती रंगाचे हाड हवे तसे फिरते, त्याच्या पोटातून एक ठळक लाल रेषा जाते आणि त्या रेषेच्या वर दोन करडे स्क्रू अधांतरी थांबलेले दिसतात. गृहस्थ विचारतात, “म्हणजे आता सगळं यंत्रच करणार?” तरुण दंतवैद्य उत्तर देतात, “नाही हो काका, वाटेचा साचा यंत्र करतं. हात माझाच असतो.”

हे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे. ‘संगणक’ हा शब्द कानावर पडताच बिनचूकपणा आपण गृहीत धरतो. पासबुकातील शिलकेच्या बाबतीत ती सवय शोभते. जबड्याच्या हाडात शोभेलच असे नाही.

सशाच्या पायातून माणसाच्या जबड्यात

दंतरोपणाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ दंतवैद्यकात झाला नाही, ही त्यातील गमतीची गोष्ट. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पर-इंग्वार ब्रोनमार्क हे तरुण संशोधक जिवंत हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. १९५२ मध्ये त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक बारीक निरीक्षण-कुपी बसवली. प्रयोग संपल्यावर ती महागडी कुपी पुन्हा वापरावी म्हणून काढायला गेले, तर ती निघेना. हाडाने धातूला घट्ट धरून ठेवले होते. शरीर परक्या वस्तूला सहसा दूर लोटते. येथे उलटे घडले होते. हाड आणि टायटॅनियम यांच्या या एकजिवाला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव मिळाले. मराठीत त्याला ‘अस्थिसंमीलन’ म्हणता येईल.

१९६० मध्ये ब्रोनमार्क गोथेनबर्गला गेले आणि १९६५ मध्ये तेथे त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात उभे केले. लार्सन यांना जन्मतःच टाळूचे व्यंग होते आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते रोपण त्यांना साथ देत राहिले. तरीसुद्धा दंतवैद्यकाच्या जगाने या पद्धतीला मान्यता द्यायला बराच वेळ घेतला. १९८२ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर तिचा स्वीकार खऱ्या अर्थाने सुरू झाला. भारतीय वाचकाला थबकायला लावील असा एक तपशील येथे आहे. या रोपणांचे औद्योगिक उत्पादन उभे करण्यासाठी ब्रोनमार्क यांच्याशी हातमिळवणी करणारी कंपनी होती बोफोर्स. ज्या नावाने आपल्याकडे १९८०च्या दशकात राजकारण ढवळून निघाले, तेच नाव जगभरातील दंतहीन माणसांच्या सुखाशीही जोडलेले आहे.

ब्रोनमार्क यांच्या पद्धतीत घाईला जागा नव्हती. स्क्रू बसवल्यावर हिरडी शिवून टाकायची, खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने हाडाला त्याचे काम करू द्यायचे आणि मगच त्यावर दात चढवायचा. आज हा काळ बऱ्याच रुग्णांत कमी करता येतो. परंतु मूळ अट तीच आहे. स्क्रू पुरेशा हाडात, योग्य जागी आणि योग्य कोनात बसला पाहिजे.

न दिसणारे हाड

ही अट ऐकायला सोपी आहे. अडचण अशी की, हाड हिरडीखाली झाकलेले असते आणि त्याच्या पोटात काय दडले आहे ते हिरडी उघडूनही दिसत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंनी एकेक मज्जातंतू बोगद्यातून जावा तसा जातो. खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तो वाहून नेतो. ड्रिलचे टोक त्याला लागले तर जीव धोक्यात येत नाही. परंतु ओठ आणि हनुवटीचा अर्धा भाग बधिर होऊ शकतो. चहा ओघळलेला कळत नाही, जेवताना ओठ चावला जातो, दाढी करताना आपलाच चेहरा परका वाटतो. काहींची संवेदना परत येते, काहींची कायमची जाते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात जिभेकडील बाजूला हाड आत वळलेले असते. तेथे ड्रिल आरपार गेल्यास रक्तवाहिनी दुखावून तोंडाच्या तळाशी रक्त साचते आणि क्वचित श्वासही अडतो. वरच्या जबड्यात मागच्या दाढांवर सायनसची हवेने भरलेली पोकळी असते. तिच्या खाली कित्येकदा हाडाचा पातळ पापुद्राच उरलेला असतो.

त्यात भर म्हणजे दात गेल्यावर हाड जागच्या जागी राहत नाही. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. चार वर्षे रिकाम्या राहिलेल्या जागेत वरून भरदार दिसणारी हिरडी म्हणजे खाली भरदार हाड, असा हिशेब म्हणूनच मांडता येत नाही.

पूर्वी या सगळ्याचा अंदाज कशावरून बांधत? बोटाने चाचपून आणि जबड्याच्या सपाट क्ष-किरण चित्रावरून. दवाखान्यात ज्याला ‘ओपीजी’ म्हणतात, ते चित्र आजही उपयोगी आहे. परंतु त्यात लांबी आणि उंची दिसते, जाडी दिसत नाही, शिवाय प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा मोठी आणि जागोजागी कमीअधिक मोठी उमटते. हिरडी चिरून, हाड उघडे करून, डोळ्यांनी पाहत आणि हाताच्या अनुभवावर विसंबून ड्रिल चालवायचे, हीच रीत होती. कुशल दंतवैद्यांनी या रीतीने लाखो रोपणे यशस्वी केली आहेत आणि आजही करीत आहेत, हे येथेच नमूद केले पाहिजे.

हाडाची तिसरी मिती प्रथम दाखवली ती सीटी स्कॅनने. बँकेच्या मंडळींना ‘ईएमआय’ म्हटले की मासिक हप्ता आठवतो. परंतु १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात ज्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू काप काप करून दाखवला, ते ईएमआय नावाच्या कंपनीचे होते. एच.एम.व्ही.च्या तबकड्यांशी नाते असलेली हीच ती कंपनी. तिचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. दातांच्या कामासाठी मात्र मोठा सीटी स्कॅन महाग पडे आणि त्यात किरणोत्सर्गही अधिक असे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इटली आणि जपानमध्ये त्यावर तोड निघाली. क्ष-किरणांचा शंकूच्या आकाराचा झोत डोक्याभोवती फिरवून अर्ध्या मिनिटाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात संपूर्ण जबड्याची त्रिमित प्रतिमा मिळवायची. हाच कोन-बीम सीटी, अर्थात सीबीसीटी. त्याचा किरणोत्सर्ग मोठ्या सीटीपेक्षा सामान्यतः कमी असतो. परंतु ओपीजीपेक्षा अधिक असतो. म्हणून ‘एकदा सगळे काढून घेऊ या’ या हौसेने तो करून घेऊ नये. भारतात अशी यंत्रे चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती लागते आणि केंद्रात तशी विचारणा करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आधी दात, मग हाड

संगणकाने या कामात आणलेला खरा बदल म्हणजे आखणीची दिशा उलटी झाली. पूर्वी जेथे हाड सापडेल तेथे स्क्रू बसवला जाई आणि मग त्यावर दात कसा बसवायचा याची कसरत दंततंत्रज्ञाला करावी लागे. आता आरंभ दातापासून होतो. एक छोटा कॅमेरा तोंडात फिरवून किंवा मापाच्या साच्यावरून दात व हिरड्यांची त्रिमित प्रतिमा तयार केली जाते. ती सीबीसीटीच्या प्रतिमेवर तंतोतंत बसवली जाते. मग रिकाम्या जागी चावण्यास योग्य असा दात पडद्यावर उभा केला जातो आणि त्या दाताला आधार द्यायचा तर खाली स्क्रू कोठे, किती जाडीचा, किती लांबीचा आणि कोणत्या कोनात हवा, हे ठरवले जाते. मज्जातंतूचा मार्ग दंतवैद्य स्वतः काप पाहत पाहत रंगवतात. त्या गृहस्थांना दिसलेली लाल रेषा ती हीच. हाड पुरेसे नसेल तर ते त्याच वेळी कळते. हिरडी उघडल्यावर खुर्चीत झोपलेल्या रुग्णाला ‘आज जमणार नाही’ असे सांगण्याची पाळी सहसा येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने संगणकाचा सर्वांत मोठा लाभ बहुधा हाच असावा, जरी जाहिरातीत तो क्वचितच सांगितला जातो.

पडद्यावरची ही आखणी तोंडात उतरवायची कशी? तेथे आणखी एका शोधाची मदत झाली. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी द्रवरूप राळ प्रकाशाने थरावर थर घट्ट करून वस्तू घडवण्याची पद्धत काढली आणि १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आज घरोघरी परिचित झालेल्या त्रिमित मुद्रणाचा उगम तो. बेल्जियममधील ल्यूव्हेन या विद्यापीठ-नगरीत १९९० मध्ये स्थापन झालेल्या मटेरिअलाइज या कंपनीने हे तंत्र वैद्यकाकडे वळवले आणि दंतरोपणाच्या आखणीची ‘सिमप्लान्ट’ ही मूळ अमेरिकी प्रणाली २००१ मध्ये आपल्याकडे घेतली. त्याच ल्यूव्हेनच्या विद्यापीठातील दानिएल व्हान स्टेनबर्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक वृत्तांत प्रसिद्ध केला. वरच्या जबड्यासाठी साचा आणि कायमचे दात दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वीच तयार ठेवायचे आणि रोपण झाल्यावर लगेच दात बसवून टाकायचे, अशी ती पद्धत होती. ब्रोनमार्क यांच्या सहा महिन्यांच्या प्रतीक्षेच्या तुलनेत ही झेप किती मोठी होती, हे लक्षात यावे.

साचा दिसायला साधा असतो. पारदर्शक, घोड्याच्या नालासारखा, शेजारच्या दातांवर टोपीसारखा बसणारा. रोपणाच्या जागी त्याला एक गोल भोक आणि त्यात धातूचे कडे असते. ड्रिल त्या कड्यातूनच आत जाते, त्यामुळे त्याची जागा, कोन आणि खोली तिन्ही बांधलेली राहतात. पाटा घालून विहिरीची बोअर सरळ उतरवावी, तसाच हा प्रकार. पुरेसे हाड आणि चांगली हिरडी असेल तर हिरडी न चिरता, छोटे गोल छिद्र पाडूनच काम होते. टाके लागत नाहीत, सूज व दुखणे कमी राहते. मधुमेह आटोक्यात असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या वयस्कर रुग्णाला याचे मोल अधिक वाटते. ती औषधे मात्र कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून घ्यायचा असतो.

मिलिमीटरचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. पडद्यावर जेथे स्क्रू आखला, तेथेच तो बसतो का?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात साचा वापरून ४७१ रुग्णांत बसवलेल्या २,२३८ रोपणांची आखणी आणि प्रत्यक्ष यांची तुलना केली गेली. रोपण हाडात शिरते तेथे सरासरी १.२ मिलिमीटर, खालच्या टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात सुमारे ३.५ अंश इतका फरक आढळला. मोकळ्या हाताने केलेल्या रोपणापेक्षा हा फरक कमी आहे, यात शंका नाही. परंतु तो शून्य नाही. शिवाय ही सरासरी आहे. काही रोपणांत फरक याहून अधिक होता. म्हणून त्या अभ्यासकांनी सुरक्षिततेसाठी किमान २ मिलिमीटरचे अंतर राखण्याचा सल्ला दिला. पडद्यावरील लाल रेषा आणि करडा स्क्रू यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, ती शोभेसाठी नसते. सारी सुरक्षितता तिच्यातच असते. ‘आमच्याकडे संगणक आहे, आम्ही नसेच्या अगदी जवळ जाऊ शकतो’ असे कोणी अभिमानाने सांगू लागले, तर रुग्णाने सावध व्हावे.

हा फरक येतो कोठून? एकाच ठिकाणाहून नव्हे. लहान लहान चुका साखळीने जोडल्या जातात. स्कॅन चालू असताना रुग्णाने आवंढा गिळताना मान किंचित हलवली. जुन्या धातूच्या कॅपमुळे प्रतिमेत पांढरे पट्टे उमटले आणि दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत. छपाईत साचा केसभर आकसला. ड्रिल आणि कडे यांच्यात फिरण्यापुरती जी फट ठेवावीच लागते, तेवढे ड्रिल कलले. आणि सर्वांत अधिक आढळणारी गोष्ट म्हणजे साचा दातांवर पूर्ण बसलाच नाही. शेजारी पक्के दात असतील तर साचा स्थिर राहतो. तोंडात एकही दात नसेल तर त्याला मऊ हिरडीवर टेकावे लागते. हिरडी दबते, साचा सरकतो. म्हणून अशा रुग्णांत तो बारीक पिनांनी हाडाशी अडकवतात. वर उल्लेखिलेल्या आढाव्यातही काही दात शिल्लक असलेल्यांत अचूकता अधिक होती.

साच्याची आणखी एक अडचण पाण्याची आहे. ड्रिल फिरताना उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिटभर राहिले तरी त्याला इजा होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. म्हणून ड्रिलवर सलाईनची धार सतत सोडली जाते. साच्याने हाड झाकले की ती धार आतपर्यंत पोचेलच असे नाही. जाणकार दंतवैद्य अशा वेळी ड्रिल सलग दाबत नाहीत. ते वरखाली करीत, थांबत थांबत उतरतात.

आणि एक अडचण खास आपल्या देशातील आहे. कड्यातून ड्रिल न्यायचे तर ते नेहमीपेक्षा लांब लागते आणि लांब ड्रिल मागच्या दाढेपर्यंत न्यायचे तर तोंड चांगले उघडावे लागते. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीमुळे होणाऱ्या रोगात गालाच्या आतील त्वचा ताठरते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. अशा रुग्णाची आखणी पडद्यावर निर्दोष होते, साचाही उत्तम होतो. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी ड्रिल तोंडात मावतच नाही. महाराष्ट्राने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. सवयीवर बंदी घालणे तितके सोपे नाही. तपासणीच्या पहिल्याच दिवशी तोंड किती उघडते हे मोजण्यासाठी लागते ती साधी पट्टी. संगणक तेथे काही करू शकत नाही.

थोडक्यात, साचा हाती असणाऱ्याला साच्यावाचूनही रोपण करता आले पाहिजे. साचा बसला नाही, तुटला किंवा हाड अनपेक्षितपणे मऊ लागले, तर तो बाजूला ठेवून हिरडी उघडण्याची तयारी आणि अनुभव दंतवैद्यांकडे हवा.

साच्याऐवजी कॅमेऱ्यांनी वाट दाखवण्याची पद्धतही आता रुळली आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेतून ती दंतवैद्यकात आली. ड्रिलवर आणि रुग्णाच्या जबड्यावर खुणा बसवलेल्या असतात, वरून कॅमेरे त्या टिपतात आणि ड्रिलचे टोक हाडात या क्षणी कोठे आहे हे पडद्यावर दिसत राहते. वाटेत बेत बदलता येतो आणि पाण्याची धार अडत नाही, हा तिचा फायदा. तोंडाऐवजी पडद्याकडे पाहत हात चालवायला शिकावे लागते, ही तिची किंमत. पुढची पायरी यंत्रमानवाची. अमेरिकेत ‘योमी’ नावाच्या यंत्रबाहूला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तो दंतवैद्यांचा हात आखलेल्या वाटेवर धरून ठेवतो. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनमधील शीआन येथे यंत्रमानवाने एका महिलेच्या जबड्यात दोन रोपणे स्वतः बसवली. सुमारे तासभर चाललेल्या त्या शस्त्रक्रियेत डॉक्टर शेजारी उभे होते, त्यांनी ड्रिलला हात लावला नाही.

मुदत ठेव मोडण्यापूर्वी

प्रत्येकाला हे सारे लागतेच असे नाही. एकच दात बसवायचा आहे, हाड भरपूर आहे, मज्जातंतू दूर आहे, अशा ठिकाणी अनुभवी हात पुरेसा ठरू शकतो. पुढचा दिसणारा दात, अनेक रोपणे एकाच वेळी, संपूर्ण जबडा किंवा मज्जातंतू वा सायनस जवळ असणे, अशा प्रसंगी आखणी आणि साचा यांवरील खर्च सार्थकी लागतो. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये, अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल तर गोष्ट वेगळी, अन्यथा दातांचे उपचार समाविष्ट नसतात. खर्च स्वतःच्या बचतीतूनच होणार असल्याने अंदाजपत्रक लेखी घ्यावे. त्यात स्कॅन, साचा, रोपण, वरचा दात आणि आवश्यक असल्यास हाडाची भर, हे सारे वेगवेगळे दाखवलेले असावे. रोपणाचा आकडा लहान आणि वरच्या दाताचा उल्लेखच नाही, अशी अंदाजपत्रके पुढे मनस्ताप देतात.

दंतवैद्यांना काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय हाडाच्या जुळणीला बाधक ठरते. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरण्यास विलंब लागतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील, तर त्यांचा उल्लेख विशेष महत्त्वाचा, कारण त्यांतील काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो. अनेक महिला ही औषधे घेत असतात आणि ‘दातांशी त्यांचा काय संबंध’ म्हणून सांगत नाहीत.

नोंदी जपण्याची बाब बँकेच्या वाचकांना वेगळी सांगावी लागू नये. रोपणाच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि उत्पादन क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत आणि स्कॅनची फाइल मागून घ्यावी व पासबुकाइतक्याच जपून ठेवावी. आज पुण्यात असलेले कुटुंब उद्या बदलीने भोपाळला जाते, निवृत्तीनंतर मुलाकडे बंगळुरूला राहते. दहा वर्षांनी वरचा दात सैल झाला आणि आतील स्क्रू कोणत्या कंपनीचा हे कोणालाच ठाऊक नसले, तर पाच मिनिटांच्या कामासाठी महिनाभर शोधाशोध होते. रोपणाला कीड लागत नाही हे खरे. परंतु स्वच्छता राखली नाही तर भोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजत जाते. वर्षातून एकदोनदा तपासणी चुकवून चालत नाही.

त्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी होते. साचा बसवल्यावर दंतवैद्य लगेच ड्रिल उचलत नाहीत. साच्याला मुद्दाम ठेवलेल्या दोन झरोक्यांतून खालच्या दातांची टोके साच्याला टेकली आहेत का, हे ते आरशाने पाहतात. एका बाजूला नखभर फट दिसते. साचा काढून, धुऊन पुन्हा बसवला जातो. आता फट नाही. पुढचे काम अर्ध्या तासात आटोपते. घरी जाताना त्यांना औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक सूचना मिळते. भूल उतरायला काही तास लागतील. त्यानंतरही ओठ किंवा हनुवटी बधिर वाटली, मुंग्या आल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणून थांबायचे नाही, लगेच फोन करायचा. मज्जातंतूवर दाब आला असेल तर रोपण जितक्या लवकर मागे घ्यावे किंवा काढावे, तितकी संवेदना परत येण्याची शक्यता अधिक असते.

संध्याकाळी सात वाजता दवाखान्यातूनच फोन येतो. “काका, खालच्या ओठावर बोट फिरवून बघा. कळतंय का?” गृहस्थ आरशासमोर उभे राहून डाव्या बाजूने उजवीकडे बोट फिरवतात. मग पुन्हा एकदा, सावकाश. “कळतंय,” ते म्हणतात, “सगळीकडे सारखं कळतंय.”